प्रॅक्टिकली नो यूज

मला इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं. बोलायची वेळ आली की मात्र मी तीनच शब्दांवर भागवते. प्रॅक्टिकली नो यूज.

हे शब्द मूळचे माझे नाहीत. बी.एड. झाल्यावर जाफराबादेत ज्या शाळेत मी लागले, तिथल्या मोठ्या बाईंचे आहेत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी चार दिवस खपून थर्माकोलचं हृदय केलं होतं. लाल नळ्या, निळ्या नळ्या, बाण, झडपा, सगळं. बाईंनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण प्रॅक्टिकली नो यूज. परीक्षेत आकृतीच काढायला सांगतात." हृदय कपाटावर गेलं आणि तिथं उंदरांनी त्याचा निकाल लावला. खरं तर मला राग यायला हवा होता. तो आला नाही, उलट त्या वाक्याची भुरळ पडली. इतक्या कमी शब्दांत समोरच्याचं तोंड बंद करणारं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या धावड्याला एखादी वस्तू बिनकामाची आहे हे सांगायला माणसं अर्धा तास घेतात, आणि मध्ये चहा होतो.

मग मी सुटलेच. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या सात घड्याळांना म्हटलं, तिथं निदान मी बरोबर होते. नणंदेच्या लग्नातल्या रुखवताला म्हटलं, तेव्हा ते मांडणाऱ्या बाईनं पोह्यांची बाहुली माझ्या हातातून काढून घेतली. नवऱ्यानं आणलेल्या व्यायामाच्या डंबेल्सना म्हटलं, आणि आता मी त्यांनीच दार अडवते. सासूबाई ओट्यावर बसून शेवया वळत, तर मी म्हणायची, "आत्याबाई, पाकीट मिळतं हो बाजारात. हे प्रॅक्टिकली नो यूज." त्या म्हणायच्या, "हो बाई," आणि वळत राहायच्या. आठवीच्या पोरींनी स्नेहसंमेलनात माझी नक्कल केली. त्या नकलेतली बाई फळा पुसता पुसता फळ्यालाच नो यूज म्हणते. सगळी शाळा हसली. मीही हसले, कारण मला ते कौतुक वाटलं. माझी बुद्धी केवढी, ते यावरून कळावं.

या वाक्याखाली सगळ्यात शेवटी आला माझा धाकटा भाऊ.

आमच्याकडं पंचमीला लेक माहेरी येते, पण आपल्या पायानं येत नाही. भाऊ तिला न्यायला जातो. या न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. माझं लग्न झाल्यापासून भाऊ दर श्रावणात धावड्याहून यायचा. खांद्यावर पिशवी, पिशवीत हिरव्या मिरच्या, मक्याची कणसं आणि मायनं दिलेलं काहीतरी फडक्यात बांधलेलं. दुपारी पोचायचा, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन निघायचा. आत्याबाई त्याच्यासाठी त्याच हातवळणीच्या शेवयांची खीर करायच्या. तो मागून घ्यायचा नाही, म्हणून त्या न विचारता वाढायच्या. तो वाटी पुसून खायचा. त्यांच्या हातचं एवढ्या मनापासून खाणारं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

भाऊ तसा मुका. घरात आबांसमोर त्याचं सगळं बोलणं "हो" आणि "न्हाई" एवढंच. पण जाफराबाद सोडून काळी-पिवळी जीप रस्त्याला लागली की त्याला कंठ फुटायचा. यंदा मिरची कुठल्या वाणाची लावली, आबांनी विहिरीवरून कुणाशी भांडण काढलं, कुठल्या पोरीकडच्यांनी शेती करतो म्हणून त्याला नकार दिला, सगळं सांगायचा. आज जी माझी भावजय आहे तिच्याबद्दल त्यानं सगळ्यात आधी मला सांगितलं, ते भोकरदनच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघताना. "पोरगी चांगली हाय आक्का, पण लई हुशार दिसती. मला निभंल का?" मी म्हटलं, निभेल. त्यानं घरी जाऊन होकार दिला. आबांना आजही वाटतं, निर्णय त्यांचा होता.

आता प्रॅक्टिकल नजरेनं बघा. धावडा ते भोकरदन एक जीप, भोकरदन ते जाफराबाद दुसरी, दुसऱ्या दिवशी तेच उलटं. ऐन फवारणीच्या दिवसांत एका माणसाचे दोन दिवस मोडायचे. कशासाठी, तर जिला रस्ता तोंडपाठ आहे तिला रस्ता दाखवायला. मी स्कूटी घेतली त्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यातून त्याला फोन लावला. शेजारी दोन शिक्षिका उभ्या होत्या, त्यामुळं आवाज जरा खणखणीतच लागला.

"यंदा तू येऊ नको. माझी मी गाडीवर येते. तुझं येणं-जाणं म्हणजे प्रॅक्टिकली नो यूज आहे रे."

मग तो म्हणाला, "बरं."

मी स्कूटीला पिशवी अडकवली आणि निघाले. चतुर्थीचा, म्हणजे भावासाठी करतात तो उपास होता. ज्याला येऊ नको म्हटलं त्याच्याच नावानं पोटात काही न घालता मी गाडी हाणत होते, आणि त्यात मला काही विसंगत वाटलं नाही. दुपारी धावड्यात शिरले. आमच्या गल्लीतली एक काकू दारात मका सोलत होती.

"कोनं आनलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मीच आले."

काकूनं आधी पिशवी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. उपासानं ते उतरलेलं होतं. "एकटीच? अन् जावई?"

"त्यांची ड्युटी आहे."

"हां," काकू म्हणाली आणि मका तिथंच टाकून उठली.

मी पाणी पिते न पिते तोच विरजणाच्या निमित्तानं तीन बाया घरात आल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी म्हणाली, "होतंय बाई घरोघर. तू मनावर घिऊ नको. चार दिवस ऱ्हाय, डोकं शांत झालं की जाय." तिसरीनं आवाज खाली आणून विचारलं, "हात उचलतो का?"

आमच्याकडं न्यायला कुणी गेलेलं नसताना पिशवी घेऊन एकटी आलेली लेक म्हणजे भांडून आलेली लेक. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गल्लीत वाढलेली. पण स्कूटीवर बसलं की माणूस हे असलं काही विसरतो. मग मी अंगणात उभी राहून भाषण ठोकलं. बाईला स्वतःचे पाय आहेत, स्वतःची गाडी आहे, मुराळी वगैरे प्रॅक्टिकली नो यूज आहे, माझा संसार उत्तम चाललाय. बायांनी शांतपणे माना डोलावल्या. ही एवढं मोठ्यानं बोलतेय म्हणजे प्रकरण बरंच पुढं गेलंय, असा त्यांनी अर्थ काढला.

तिकडं आबा गोठ्यामागं जाऊन माझ्या नवऱ्याला फोन करत होते. "जावईबापू, सगळं बराबर हाय ना?" नवरा टीव्हीवर मॅच बघत होता. त्यानं मला लगेच फोन केला. "मी काय केलं?" तो घाबरून म्हणाला. त्याला आठवतील तेवढे अपराध त्यानं मी न विचारताच कबूल केले. त्यातले दोन मला नवीन होते.

भाऊ संध्याकाळी शेतातून आला. दारातली स्कूटी बघून थांबला. चिपाडानं तिच्या चाकातला चिखल काढला आणि मग आत आला.

"कधी आल्तीस?"

"दुपारी."

"बरं," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्या खेपेला आमचं एवढंच बोलणं झालं. घरात तो बोलत नसे, आणि रस्ता तर मी काढूनच टाकला होता.

पुढची दोन वर्षं मी अशीच गेले. गल्लीला सवय झाली, काकू मका सोडून उठेनाशी झाली. मी जायचे, दिंडं खायचे, भावजयीशी बोलायचे, परत यायचे. भाऊ ताटावर समोर असायचा. मिरचीचं काय चाललंय ते मला मायकडून कळायचं. त्याला मुलगी झाली ते मोबाइलवर फोटो आला तेव्हा कळलं, तोही घरातल्या सगळ्यांना एकदम पाठवलेला. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचं काहीतरी निघालं आणि मी गेलेच नाही. मला वाटलं होतं, फोन येईल, का आली नाहीस म्हणून कुणी रागावेल. पंचमी होऊन दोन दिवस गेल्यावर मायचा फोन आला. ती रागावली नव्हती.

"आमाला वाटलं, तू तुझ्या सवडीनं येशील," ती म्हणाली.

सवडीनं हा शब्द मला फार लागला. न्यायला कुणी येणार असलं की घरात दिवस ठरतो, पिशवी भरली जाते, कुणाचं तरी काम मोडतं. माझ्यासाठी कुणाचं काहीच मोडत नव्हतं. ही सोय मीच करून घेतली होती, तेव्हा तक्रार करायलाही जागा नव्हती. त्या दिवशी मी भांडी घासता घासता रडले, आणि आत्याबाईंना कांद्याचं कारण सांगितलं. घरात कांदा नव्हता. त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ येत न्हाई आता. खिरीचं पातेलं लहान काढावं लागतं."

यंदा श्रावण लागायच्या आधीच मी ठरवलं होतं. भावानं मला न्यायला यावं. बस, एवढंच हवं होतं. पण ते तोंडानं म्हणणार कोण? चार वर्षं प्रॅक्टिकलचा झेंडा मिरवलेली मी, मी मागणार? म्हणून मी अडचणी सांगायला सुरुवात केली. त्यातून त्याला आपोआप कळेल, अशी माझी समजूत.

पहिल्या फोनला म्हटलं, "गाडीचे ब्रेक लागत नाहीत रे नीट."

"मंग गाडी आनू नको आक्का. जीपनं ये. गर्दी नसती आता."

चार दिवसांनी म्हटलं, "पाऊस फार आहे. एकटीनं जीपनं यायचं म्हणजे..."

"दुपारची जीप धर. दुपारी उघडतंय."

मग गुडघा पुढं केला. "गुडघा धरलाय. पिशवी उचलवत नाही."

"दवाखान्यात दाखव. अन् पिशवी कशाला आनती? इथं सगळं हाय."

माझी एकेक अडचण तो इतक्या चोखपणे सोडवत होता की वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. दुखता गुडघा खरा ठरवायला मी घरात दोन दिवस लंगडले, तेही आधी उजव्या पायानं आणि मग डाव्यानं. नवरा हे बघत होता. शेवटी म्हणाला, "स्पष्ट सांग ना त्याला." मी म्हटलं, त्याला कळायला नको का? नवरा म्हणाला, "तू नको म्हणालीस, ते त्याला कळलंय. अजून काय कळायचं?"

तेव्हा मी फोन लावला, आणि रचलेलं एकही कारण आठवेना.

"तू मला न्यायला ये," मी म्हणाले.

मागं मोटारीचं पाणी पडत होतं. ते त्यानं बंद केलं असावं. "काहून? दाजीसंगं काही झालं का?"

"नाही."

"आत्याबाईला बरं न्हाई का?"

"त्या ठणठणीत आहेत."

"मंग?"

"मंग काही नाही. ये."

त्यानं मोटार पुन्हा चालू केली. मग म्हणाला, "परवा दुपारपोहोत येतो."

तो आला तेव्हा मी फाटकापाशीच होते, कुंड्यांना पाणी घालायचं नाटक करत. शेवटचं पाहिल्यापासून त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. अंगात कोरा शर्ट होता, दुकानातल्या घडीच्या रेषा तशाच. मला बघून हसला, पण आत आला नाही. पिशवी भिंतीला टेकवली आणि अंगणातल्या नळाखाली पाय धुवायला लागला. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग पुन्हा टाचा. पायाला चिखल नव्हताच. आत्याबाई ओरडल्या, "अरे ये की आत, पाय झिजतील." तो आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. खीर त्यानं तीन वाट्या खाल्ली. आत्याबाई त्या दिवशी कुणावर चिडल्या नाहीत.

सकाळी आम्ही निघालो. जीपमध्ये मी खिडकीकडं, तो माझ्याशेजारी, आणि त्याच्या पलीकडं मांडीवर कोंबडीची टोपली घेतलेली एक बाई. गाडी रस्त्याला लागली. मी त्याचा कंठ फुटायची वाट बघत होते. तो पिशवी पायात धरून समोर बघत होता. मीच विचारलं, मिरची कशी आहे? म्हणाला, बरी हाय. लेक कशी आहे? बरी हाय. मी परक्या घरी पाहुणी आल्यासारखी प्रश्न विचारत होते आणि तो परक्यासारखी उत्तरं देत होता. टोपलीवाल्या बाईनं आम्हाला बराच वेळ न्याहाळलं. माझी साडी, माझी पर्स, त्याचे फुटलेले हात. मग आमच्याकडच्या बाया विचारतात तसं सरळ विचारलं.

"कोन लागता तुमी ह्यांचे?"

माझं तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "मी ह्यांच्या गावाकडचा हाय."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा मारणं त्याला येत नाही. नाव-गाव सांगावं तसं त्यानं सांगितलं.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी आत्तापर्यंत शिताफीनं टाळली. तो शेवटचा न्यायला आला होता त्या वर्षी मोठ्या बाई आणि तीन शिक्षिका आमच्याकडं चहाला आल्या होत्या. एकसारख्या कपबशा मी शेजारून मागून आणल्या होत्या. वाटेत जीप बंद पडली म्हणून तो चार-पाच किलोमीटर चिखलातून चालत आला, आणि तसाच दारात उभा राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, खांद्यावर कणसांची पिशवी. मोठ्या बाईंनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "आमच्या गावाकडचे आहेत." अगदी शुद्ध मराठीत म्हणाले. तो मागं वळला आणि त्या जाईपर्यंत नळापाशी बसून राहिला. त्याचा चहा मी तिथंच नेऊन दिला, स्टीलच्या पेल्यात. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं तो नेहमीसारखाच बोलला, म्हणून त्याला ऐकू गेलं नसेल असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी व्हरांड्यातून जो फोन केला तो जीपच्या फेऱ्या मोजून केलेला नव्हता. तो पुन्हा दारात उभा राहील आणि तेव्हा घरात कुणी असेल, याची मला धास्ती होती. मला त्याची लाज वाटली होती. ते म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून इंग्रजीत बोलले.

"माझा भाऊ आहे," मी म्हणाले. आवाज इतका चढला की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "सख्खा आहे. मला न्यायला आल्ता."

"मंग तसं सांगावं की," बाई म्हणाली आणि भावाकडं वळली. "बहीन हाय अन् गावाकडचा काहून म्हनता हो?"

भावानं आधी माझ्याकडं पाहिलं, आपलं काही चुकलं का म्हणून. मग जीपमधल्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि तिला हळूच म्हणाला, "ह्यांच्या शाळेतलं कुनी बसलेलं असलं तर, म्हनून."

त्या जीपमध्ये शाळेतली एकटी मीच होते.